कट्ट्यावरून निघालेला निरोप

भोगीचा दिवस. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, संमती कट्ट्यासमोर तुम्ही एका पायावर उभे आहात, कारण दुसरा पाय टेकायला जागाच नाही. काल अडुसष्ट लिंगांची फेरी करून आलेले सात नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतल्या लोकांनी तोलून धरलेत. कट्ट्यावर संमतीचं वाचन चाललंय. बाराव्या शतकातली कथा आहे. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, आणि त्या योग्यानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला संमती दिली. ते लग्न सोलापूर दर संक्रांतीच्या आदल्या दिवशी नव्यानं लावतं. अक्षता उडतात. तुम्ही हात उंच करून फोटो काढता, हिंजवडीत नोकरीला असलेल्या मुलीला पाठवता आणि खाली लिहिता, 'अक्षता पडल्या.'

फोटोच्या कोपऱ्यात एक बारकं घड्याळ उमटतं. म्हणजे निरोप अजून तुमच्या हातातच आहे.

"रेंजच येईना बे!" शेजारचा पोरगा फोन हवेत ओवाळत म्हणतो. येणार कुठून? आसपासचे टॉवर एका वेळी ठरावीक जणांचंच ऐकू शकतात, आणि आत्ता अख्खं गाव एकदम बोलतंय. तुमच्या मनात गिरणीच्या गावाला साजेसा प्रश्न येतो. इथं कुठल्याही धुराड्याकडं बोट दाखवून लोक विचारायचे, आणि उत्तरही मिळायचं. मालक कोण? या इंटरनेटचा मालक कोण?

तुम्ही त्या घड्याळाकडं बघत राहता. काटे उलटे फिरू लागतात.

मे १९३०

गर्दी तीच, पण मोबाइल नाहीत. चौकात शिपाई उभे आहेत आणि डोक्यावर गांधी टोपी दिसली की माणसाला धरतायत. सोलापुरात मार्शल लॉ आहे. पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर जातील. गावातला एक चौक त्यांचं नाव सांगेल. आज ते तुम्हाला ठाऊक आहे, भोवतीच्या कुणालाच नाही.

तुम्ही तार ऑफिसात शिरता. कट्ट कडकट्ट. तारमास्तर एका वेळी एकच मजकूर पाठवतो, कारण तार एकाच्या ताब्यात असेपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. इथून मुंबई, आणि मुंबईहून समुद्राखालच्या केबलनं एडन, सुएझ, लंडन. ती वाट १८७० सालापासून खुली आहे. इथं मालकाचा प्रश्न विचारायचीही गरज नाही. १८८५ चा तार कायदा सरळ सांगतो की तार उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क सरकारचा. त्याचं पाचवं कलम आणखी पुढं जातं. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी लागेल, तर सरकारला मजकूर अडवता, वाचता, थांबवता येतो.

हे कलम लक्षात ठेवा. पुढं कुठंतरी ते पुन्हा भेटणार आहे.

ऑक्टोबर १९६९

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर. दारात रांगोळी, आतून तेलुगूत बोलणं, आणि सगळ्यावर मागाचा खटखटाट. चादर विणली जातेय. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकतेय, एकामागून एक पत्ता खाली येतोय. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिचा उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथं तो खालीच राहतो. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमाराला ही युक्ती बसवली.

"माग तोच, सूत तेच," माग चालवणारे अण्णा हात न थांबवता म्हणतात. "पत्ते बदला, मोराच्या जागी कमळ येतंय."

भोक आहे किंवा नाही. होय किंवा नाही. तुमचा मघाचा फोटोही फोननं असाच होय-नाहीच्या लांबलचक माळेत बदलून ठेवलाय. मग त्या माळेचे त्यानं तुकडे केले. ते तुकडे कसे जातात, हे सोलापूरकराला लग्नाच्या वऱ्हाडावरून चटकन कळेल. दोनशे माणसं पुण्याला न्यायची आहेत आणि एका गाडीत मावत नाहीत. मग प्रत्येकाच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी आणि कार्यालयाचा पत्ता. कुणी मोहोळ-टेंभुर्णी-इंदापूर एसटीनं जाईल, कुणी कुर्डुवाडी-दौंड रेल्वेनं. टेंभुर्णीला रस्ता तुंबला तर तिथला माणूस पुढच्या गाड्या दुसरीकडून वळवेल. त्याला अख्ख्या प्रवासाचा नकाशा लागत नाही, पुढची वाट कुठली एवढं कळलं की पुरे. कार्यालयाच्या दारात क्रमांक लावून माणसं मोजायची. सत्तावन्न नंबर आला नसेल तर फोन करून त्याला पुन्हा मागवायचं, पोचला की पोचपावती द्यायची. तार ऑफिसात अख्खी तार एकाला द्यावी लागायची. इथं मात्र एकाच रस्त्यावरून हजार लग्नांची वऱ्हाडं मिसळून जातात, आणि एकही दुसऱ्याच्या मांडवात शिरत नाही.

हे तुकड्यांचं तंत्र त्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी वेगवेगळं मांडलं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाला लॉस एंजलिसच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी दूरच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला बसतो. सोलापुरात तेव्हा ३० तारखेचे भर दुपारचे बारा वाजलेत आणि अण्णा जेवायला उठतायत. 'एल' गेला, 'ओ' गेला, आणि पलीकडचा संगणक कोसळला. इंटरनेटच्या पूर्वजाचा पहिला निरोप असा दोन अक्षरांचा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये या जाळ्याचे नियम लिहायला घेतलेल्या तरुणांना कुणी अधिकार दिलेले नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या टिपणांना नाव दिलं, 'अभिप्रायासाठी विनंती'. आजही इंटरनेटचे मूळ नियम त्याच नम्र नावानं निघतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळ्या जाळ्यांना जोडणारी भाषा १९७४ मध्ये मांडली, ती १ जानेवारी १९८३ ला सगळ्यांनी एकदम स्वीकारली. १९८६ पासून नियम करणारे अभियंते आयईटीएफ नावाच्या मंडळात जमतात. तिथं मतदान नाही. एखाद्या प्रस्तावावर कौल हवा असला की अध्यक्ष म्हणतो, पटत असेल त्यांनी हुंकार भरा. खोलीत 'हूं' असा घुमारा उठतो, त्यावरून बऱ्यापैकी एकमत आहे की नाही ते ताडतात. गोष्ट सांगणाऱ्या आजीला जो हुंकार लागायचा, त्याच्यावर जगाचं जाळं उभं आहे.

१५ ऑगस्ट १९९५

सोलापुरातला एसटीडी बूथ. काचेच्या खोलीत लाल आकडे पळतायत. आज विदेश संचार निगमनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलंय. यादीत सोलापूर नाही. जोडणी घ्यायचीच तर तिथपर्यंत फोन एसटीडीनं लावायचा, म्हणजे जाळ्याचे पैसे वेगळे आणि ट्रंकचे वेगळे. चित्रं दिसणारी जोडणी वर्षाला २५० तासांसाठी ₹१५,०००. विद्यार्थ्याला ₹५०० त मिळते, पण नुसती अक्षरं.

मोडेम किंचाळतो, आणि तुम्हाला तारमास्तराची कट्ट कडकट्ट आठवते. मालक? आपल्या दारात अजून सरकारच. पण दारापलीकडं?

२८ जानेवारी १९९८

पलीकडं, कॅलिफोर्नियात, लांब दाढीचा आणि पायात सँडल घालणारा जॉन पोस्टेल बसलाय. त्याचं काम समजायला पुन्हा पूर्व भागात जावं लागेल. तिथं नुसता घर नंबर सांगून कुणी सापडत नाही, नाव सांगावं लागतं. जाळ्यात उलटं आहे. यंत्राला नंबर लागतो आणि माणसाला नाव आठवतं. दोघांची गाठ घालणारी सगळ्यात वरची एक यादी असते. 'डॉट इन' कुठं विचारायचं, 'डॉट कॉम' कुठं, एवढंच ती सांगते. ही मूळ यादी तेरा पत्त्यांवर मिळते आणि तिच्या नकला जगभर ठेवलेल्या आहेत, मुंबईतही.

अनेक वर्षं त्या नाव-नंबरांचा ताळा पोस्टेलनं जवळपास हातानं ठेवला. आज तो यादी सांभाळणाऱ्या बारा संस्थांपैकी आठांना ईमेल करतो, की यापुढं मूळ यादी अमेरिकी सरकारच्या कंत्राटदाराकडून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आठही जण ऐकतात. कुणी हुकूम सोडला नव्हता, त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. वॉशिंग्टनहून दटावणी येते, तो 'चाचणी होती' म्हणून सगळं पूर्ववत करतो. पण एक गोष्ट उघडी पडलीच. जगाच्या जाळ्याची मुळं काही थोड्या लोकांच्या एकमेकांवरच्या भरवशात रुतलेली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'आयकॅन' ही ना-नफा संस्था निघते, आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल जातो. आयकॅनवरची अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ ला संपते. तेव्हापासून कंपन्या, तंत्रज्ञ, सरकारं आणि वापरणारे लोक मिळून हे काम पाहतात. नंबरांची वाटणीही अशीच पायरीपायरीनं उतरते. आपल्या भागाचे नंबर ब्रिस्बेनच्या 'एपनिक'कडून भारताच्या 'निक्सी'कडं येतात आणि तिथून कंपन्यांकडं.

जानेवारी २००८

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखानदार परदेशी गिऱ्हाइकाच्या ईमेलची वाट पाहत बसलाय. पान उघडता उघडत नाही. तो इथल्या वायरमनवर चिडलाय, पण बिघाड इजिप्तला आहे. ३० तारखेला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, आणि भारताची बाहेर जाणारी निम्म्याच्या आसपास क्षमता एकदम गेली.

तुम्हाला वाटत होतं इंटरनेट आकाशात असतं. ते समुद्राच्या तळाशी, केसाएवढ्या काचेच्या तंतूंतून उजेडाच्या ठिणग्या होऊन पळतं, आणि भारतात येणाऱ्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला वर येतात. फाटलेली चादर रफू करावी तशी जहाजावरची माणसं तुटकी टोकं वर ओढून जोडतात. वाट १८७० चीच, सूत तेवढं तांब्याचं जाऊन काचेचं आलं.

२०१० नंतरची एखादी तिमाही

लॉस एंजलिसजवळ एल सेगुंडो, एक बंदिस्त खोली. दारावर पहारा, आत पोलादी तिजोऱ्या. मूळ यादीवर खरेपणाचा शिक्का मारणारी किल्ली इथं आहे. वेगवेगळ्या देशांतून निवडलेले लोक तिचे मानकरी आहेत, आणि या ठिकाणापुरते ते किती? सात. त्यातले किमान तीन हजर असल्याशिवाय तिजोरीतलं यंत्र जागं होत नाही. कुणीतरी ठरलेली संहिता ओळीओळीनं मोठ्यानं वाचतं, बाकीचे प्रत्येक ओळीवर खूण करतात, आणि सगळं थेट प्रक्षेपित होतं.

तुम्हाला हसू येतं. नंदीध्वजांच्या सात काठ्या, प्रत्येकीचा मान वेगळ्या घराकडं, वेगळ्या समाजाकडं. कुणा एकाला एकट्यानं लग्न लावता येत नाही. हे तुम्ही मघाशीच पाहून आलात.

या यादीत तुमच्या लिपीलाही आता जागा आहे. २०१४ मध्ये देवनागरीत '.भारत' सुरू झालं. पण तिथं अक्षर घालायचं तर नियम आधी ठरावे लागतात. हिंदीला न लागणारा आपला 'ऱ', मघाच्या वऱ्हाडातला आणि वाऱ्यातला, भारतीय लिपींच्या तज्ज्ञांच्या मंडळानं वेगळा विचारात घेतला, तेव्हा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' नियमांत बसले. कुणीतरी बैठकीला जाऊन बसलं, म्हणून. जो बसत नाही त्याचं अक्षर राहून जातं.

डिसेंबर २०२०

माढा तालुक्यातलं परितेवाडी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ३ तारखेला ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालंय, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम ते उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकतात. त्यांनी पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कोड छापला, फोन धरला की धडा बोलू लागतो. पुढं राज्यानं ती कल्पना सगळ्या पुस्तकांत नेली. तुम्ही तो चौकोन निरखून पाहता. काळा, पांढरा. भोक आहे, भोक नाही. अण्णांच्या मागावरचा पत्ता पुस्तकाच्या पानावर येऊन बसलाय.

या गावातल्या पोराला जाळ्याचा मालक कोण हे कुणी शिकवलेलं नाही. पण त्यानं ते वापरायला कुणाची परवानगीही मागितली नाही. डिसले गुरुजींनी कुठल्या मंत्रालयाला न विचारता जाळ्याच्या टोकाला एक नवी गोष्ट लावून पाहिली. जाळं तुकड्यांच्या पोटात काय आहे ते विचारत नाही, म्हणूनच हे जमतं. दूरसंचार नियामकानं फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली, ती याच कारणानं.

जून २०२३

कोल्हापूर. गावात तणाव आहे आणि इंटरनेट बंद. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, चहावाला हात हलवतो, "रोख द्या." ऑक्टोबरच्या अखेरीस हेच बीडमध्ये होईल.

पाचवं कलम आठवतंय? इथं ते पुन्हा भेटलं. इंटरनेट थांबवण्याचे २०१७ चे नियम १८८५ च्या कायद्याखालीच केलेले होते. हुकूम राज्याच्या गृहसचिवाचा. सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० ला, काश्मीरच्या प्रकरणात, त्याला वेसण घातली. बंदी बेमुदत नको, गरजेपुरतीच असावी, आणि हुकूम लोकांना वाचायला मिळावा. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आलाय, पण थांबवण्याचा अधिकार त्याच्याही कलमात उतरलाय.

मग मालक कोण? तुमच्या लक्षात येतं की ही दुमजली इमारत आहे. वरचा मजला नावांचा, नंबरांचा, नियमांचा, आणि तो संमतीवर चालतो. खालचा मजला टॉवरचा, तारांचा, परवान्यांचा. तिथं हुकूम चालतो. एल सेगुंडोचे सातही मानकरी जमले तरी कोल्हापूरचा एक टॉवर त्यांना सुरू करता येत नाही.

पुढचं एखादं साल

घड्याळाचे काटे आता सुलटे फिरतात, आणि आजच्याही पुढं जातात. इथून पुढचं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून ते धूसर आहे. एकाच मैदानावर तुम्हाला तीन गड्डे, म्हणजे तीन जत्रा, एकावर एक दिसतात.

पहिल्यात प्रत्येक देशानं आपली मूळ यादी वेगळी केलीय. परदेशी शिकायला गेलेल्या नातीला फोटो पाठवायचा तर सीमेवर तपासणी होते, आणि तिकडं ते नावच ओळखीचं नाही. वऱ्हाडं आपापल्या तालुक्यातच फिरतायत.

दुसऱ्यात टॉवर नाहीत. फोन थेट उपग्रहाशी बोलतो आणि प्रश्नाचं उत्तर एक यंत्र गोड आवाजात देतं. छान वाटतं. पण कुणी कुणाच्या पत्त्यावर जातच नाही, सगळे त्या एका यंत्रालाच विचारतात. इथं मालक कोण हे तुम्हाला लगेच सांगता येतं, आणि तेच खटकतं.

तिसऱ्यात फार काही बदललेलं नाही. गर्दी तेवढीच. फक्त कट्ट्याशेजारच्या फलकावर मराठी नाव आहे, 'ऱ' सकट, आणि ते टाकलं की जगात कुठूनही हाच कट्टा दिसतो. त्यासाठी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी दर वर्षी हुंकार भरत आलंय.

भोगी, आज

तुम्ही परत एका पायावर. कट्ट्यावरचं वाचन संपलेलं आहे. ते दर वर्षी का करतात, हे तुम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. संमती तर बाराव्या शतकात एकदा देऊन झाली होती. तरीही ती काढून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचतात. ऐकणाऱ्यांनी अक्षता टाकल्या तरच लग्न लागलं.

आणि तुम्ही? हातातल्या फोनमध्ये किती वेळा 'मी सहमत आहे' दाबलंत, आणि त्यातली एक ओळ तरी वाचलीत?

गर्दी सैल होते. दुसरा पाय जमिनीला टेकतो. घड्याळ जाऊन तिथं एक खूण उमटते, म्हणजे निरोप हातातून सुटला. क्षणात दुसरी, म्हणजे पोचपावती आली. सगळे तुकडे कुठून कुठून फिरून हिंजवडीला एकत्र झाले, सत्तावन्न नंबरासकट.

मुलीचं उत्तर येतं, "पप्पा, वाचन रेकॉर्ड केलंत का? मला ऐकायचंय."

तुम्ही केलेलं नसतं. पुढच्या वर्षी कट्ट्याच्या जवळ उभं राहायचं, असं तुम्ही ठरवता.